बिनचिंचेची ऋषीची भाजी

"पुरुषाने एकदा मनावर घेतलं ना, की या पृथ्वीच्या पाठीवर त्याला अशक्य असं काही नाही," अण्णा म्हणाले, आणि सुरणाचा गड्डा त्यांच्या पायावर पडला.

गड्डा चांगला उशीएवढा होता. अण्णांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडायची सोय नव्हती. आई आणि शैला आत्ता कुठे फाटकाबाहेर पडल्या होत्या. ऋषीपंचमीची पूजा गल्लीच्या टोकाला खांबेट्यांकडे असायची, आळीतल्या सगळ्या बायका तिथे जमायच्या. पुढे आई, हातात पूजेचं तबक. मागे शैला, हातात फुलांची परडी. आणि दोघींच्या मधे एक बैलगाडी आरामात वळवता येईल एवढं अंतर.

"लागलं का?" मी कुजबुजलो.

"नाही," अण्णा एका पायावर उभे राहून म्हणाले. "विळी काढ."

ही गोष्ट लांज्याची. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते, आणि त्यातला शेवटचा महिना माझी आई आणि माझी बायको एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

कारण कुकर. शैला पुण्याची. येताना माहेरून कुकर घेऊन आलेली. नागपंचमीच्या दिवशी ती आपली सहज म्हणाली, "आई, ऋषीची भाजी यंदा कुकरला लावू या का? तीन शिट्ट्यांत होईल."

आई म्हणाली, "ऋषींच्या कानाशी शिट्ट्या वाजल्या असत्या तर त्यांची तपश्चर्या झाली असती का गं?"

शैला हसली. तिला वाटलं सासूबाईंनी विनोद केला. आईने आयुष्यात कधी विनोद केला नव्हता, त्यामुळे सून आपल्याला हसली एवढंच तिला समजलं. त्या क्षणापासून अबोला.

एका घरात दोन बायकांचा अबोला म्हणजे शांतता असते, असं कुणाला वाटत असेल तर त्याने तो पाहिलेला नाही. दोघी दिवसभर बोलत. फक्त मधे आम्ही.

"अहो, तिला सांगा, दूध उतू जातंय."

"अण्णा, आईंना सांगा, मला दिसतंय."

अण्णा लांज्याच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि कुणाचंच मनावर घ्यायचं नाही, ही जन्मभराची सवय. म्हणून ते टिकले. माझं वजन कमी झालं.

गणपती आले. त्या दिवशी मोदकसुद्धा अबोल्यातच झाले. सारण आईने केलं, उकड शैलाने काढली, आणि आम्ही दोघं सारणाचं ताट इकडून तिकडे नेत राहिलो. रात्री आरती झाल्यावर आईने ओटीवर पत्र्याची ट्रंक आणून ठेवली आणि अण्णांना सांगितलं, खरं म्हणजे दाराच्या पडद्याला सांगितलं, "उद्या दुपारच्या दोनच्या गाडीने मी देवरुखला भावाकडे निघाले. परत यायची नाही. उद्या ऋषीपंचमी. वर्षाची भाजी आहे. सुनेने आपणहून रांधून माझ्या पानात वाढली, तर समजेन, या घरात मी कुणाला हवी आहे. नाहीतर उपाशी गाडीत बसेन."

आमच्या खोलीत मी शैलाला विनवलं. "कर ना उद्या भाजी."

"मी केली की नावं ठेवणार. त्यांनी एकदा हाक मारू दे, 'शैला, ये, शिकवते' म्हणू दे. पहाटे उठून करीन."

"आणि नाही मारली हाक तर?"

"तर त्या देवरुखला जातील, आणि सुनेने सासूला घालवलं म्हणून अख्खं लांजं माझ्याकडे बघणार. ते बघून घ्यायला मी इथे राहायची नाही. त्या दोनच्या गाडीने निघाल्या तर मी चारच्या." तिने पलंगाखालची बॅग दाखवली. तीही भरलेली होती.

म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या घरात अण्णा, मी आणि गणपती एवढेच पुरुष शिल्लक राहणार होतो.

सकाळी भाज्यांची टोपली मोरीजवळ तशीच पडून होती. अळू, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, माठाचे देठ, मक्याची कणसं. दोघी टोपलीला वळसा घालून नाहायला गेल्या, टोपलीला वळसा घालून देवापाशी गेल्या, आणि टोपलीकडे न बघता पूजेला निघून गेल्या. फाटक वाजल्याबरोबर अण्णा उठले.

"दिगू, आपण भाजी करायची."

"आपण?"

"ऐक. दोघी परत येतील. भाजी तयार दिसेल. तुझ्या आईला वाटेल, सुनेने केली. तुझ्या बायकोला वाटेल, सासूने नमतं घेतलं. एकमेकींना विचारतील?"

"नाही. बोलतच नाहीत."

"अबोल्याचा आजवर मला दिसलेला एवढाच फायदा," अण्णा म्हणाले. "आपण कुणाशी खोटंही बोलायचं नाही. फक्त गप्प बसायचं. त्याची आपल्याला सवय आहे." आणि मग ते पुरुषाबद्दलचं आणि पृथ्वीच्या पाठीबद्दलचं वाक्य, आणि सुरण.

नैवेद्याची भाजी म्हणून सोवळं हवं. अण्णांनी मुकटा नेसला. मला दुसरं काही मिळेना, मी लग्नातला कद नेसलो. त्या वेषात मी भेंडी चिरायला बसलो, आणि मला एकदम मंगलाष्टकांची आठवण होऊन उगीच वाईट वाटलं.

अळूचे देठ अण्णांनी उघड्या हातांनी सोलले. सुरणाची सालंही त्यांनीच काढली, फोडी मी केल्या. थोड्या वेळाने ते हाताची पाठ दाराच्या चौकटीवर घासताना दिसले.

"खाजतंय का, अण्णा?"

"किंचित. हा सुरणाचा धर्म आहे. आच लागली की जातो." थोडं थांबून ते म्हणाले, "तुलाही खाजतंय का?"

"किंचित," मी म्हणालो. माझे हात कोपरापर्यंत पेटले होते.

कणसांनी आम्हाला अडवलं. विळीवर ती कापली जाईनात. आई कोयत्याच्या एका घावात तुकडा पाडायची, पण कोयता अण्णांना आईने कधी हाताळू दिला नव्हता आणि त्याला तशी कारणं होती. अण्णा आत गेले आणि हत्यारांच्या पेटीतली करवत घेऊन आले. धुतली, गंगाजल शिंपडलं, आणि पाटावर कणीस धरून मापात तुकडे पाडायला लागले. भुसा पडत होता. तुकडे मात्र असे सारखे झाले की त्यांना कॅरमच्या सोंगट्या म्हणून खपवता आलं असतं.

"बघितलंस? काम असं हवं," अण्णा म्हणाले.

कल्हईचं पातेलं चुलीवर चढवलं. ऋषीच्या भाजीला फोडणी नाही, तेल नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मिरच्या मोडून टाकल्या, खोबरं खवलं, आणि फडताळातून चिंचेची बरणी काढली.

"थांब," अण्णा म्हणाले. "ही चिंच कुठली?"

"बाजारातली. आपलं झाड वादळात पडलं ना यंदा."

"बाजारात कशातून आली?"

"गोसाव्याच्या गाडीतून. तुम्हीच तर घेतलीत, मी बरोबर होतो."

"गाडीला काय जोडलं होतं?"

मी बरणीच्या झाकणाकडे बघायला लागलो.

"बोल, दिगंबर. गाडीला काय जोडलं होतं?"

"बैल."

"संपलं," अण्णा म्हणाले, आणि बरणी मागे ठेवली. "आज बैलाच्या कष्टाचं काहीही पोटात जायला नको. हे एकच तर या दिवसाचं व्रत. तुझ्या आईला कळलं तर?"

"पण आई दरवर्षी चिंच घालते."

"दरवर्षी चिंच परसातली असे. माझ्या डोळ्यांदेखत पडलेली. हिला दोन बैलांनी ओढून आणलंय, आणि त्याचे साक्षीदार आपण दोघं आहोत."

"मग गूळ?"

"चरकाला कोण फिरतो?"

मी गूळही मागे ठेवला. मिठाचा निकाल आमच्या बाजूने लागला. ते मिठागरातून माणसाच्या डोक्यावरून आलं होतं असं अण्णांनी गृहीत धरलं.

"पण आंबट काहीच नाही, अण्णा."

"आंबट-गोड हा जिभेचा प्रश्न आहे. ऋषी चवीसाठी जेवत नसत."

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या ऋषीपंचमी झाली. पण त्या भाजीत चिंच का असते, हे कुठल्याही पुरुषाने कधी विचारलं नव्हतं. आमची समजूत अशी की ती चवीला असते.

भाजी रटरटली. वास बरा येत होता. मी पळीने ढवळलं आणि पळी ओठांकडे नेली.

"अरे!" अण्णांनी माझं मनगट धरलं. "नैवेद्याची भाजी! चाखतोस?"

म्हणून चाखली नाही. अण्णांनी वाटीत भाजी काढली, वर तुळशीचं पान ठेवलं, गणपतीसमोर पाण्याचं मंडल केलं, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. डोळे उघडल्यावर ते म्हणाले, "आता प्रसाद झाला. आता हरकत नाही." आणि त्यांनी वाटीतली सुरणाची एक फोड तोंडात टाकली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी समाधान दिसलं. मग चौकशी. मग त्यांनी हळूच मान एका बाजूला वळवली, जणू घशात कुणी काही बोलतंय आणि त्यांना नीट ऐकायचंय.

"अण्णा?"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि त्याच हाताने गळा धरला.

"दिगू," ते खरखरत म्हणाले, "चिंच."

"चवीला?"

"चवीला नव्हती रे ती! खाजेला होती!"

मी स्वयंपाकघरात धावलो. बरणी काढली, झाकण फिरवलं, मूठभर चिंच वाटीत काढून पाणी ओतलं, आणि फाटक वाजलं. आईची पावलं मला लहानपणापासून ओळखू येतात. ती सरळ आत येत होती. मी चिंचेची वाटी पाठीमागे धरून भिंतीला टेकलो. कद सुटत आला होता.

आई दारात थांबली. तिने पातेलं बघितलं. झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. कुकर शिंकाळ्याखाली कोरडा ठणठणीत होता, तोही तिने बघितला. मग तिने माझ्याकडे बघितलं नाही, मागे शैला येत होती तिच्याकडेही बघितलं नाही. पण तिच्या कपाळावरची महिन्याभराची आठी जरा सैल झाली. ती हात धुवायला मोरीकडे वळली.

शैला आली. तिने पातेलं बघितलं, पाठमोरी आई बघितली, आणि तिचे डोळे भरून आले. अण्णांची योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती, आणि पातेल्यात जे होतं ते दोघींच्या पानात जाणार होतं.

"मी वाढतो," मी म्हणालो. म्हटलं, जाता जाता पातेल्यात वाटी पालथी करावी.

"पुरुषांनी काही वाढायला नको," आई भिंतीकडे बघून म्हणाली. "करणारी वाढेल."

शैलाने ते ऐकलं आणि आईकडे बघितलं, कारण तिच्या मते करणारी आई होती. आई पाटावर बसली, कारण तिच्या मते करणारी शैला होती. क्षणभर कुणीच हललं नाही. मग शैला पुढे झाली आणि तिने पातेलं उचलून वाढायला घेतलं. मी चिंचेची वाटी कोनाड्यात सरकवली.

चौघं जेवायला बसलो. समोरासमोर त्या दोघी, आणि आडवे आम्ही दोघं, घास घेतला की हात मांडीखाली लपवत. वरीचे तांदूळ, भाजी, एवढंच. ओटीवर ट्रंक दिसत होती. एसटीचा थांबा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, गाडी वळणावर आली की भोंगा घरात ऐकू येई.

आईने पानाला नमस्कार केला. पहिला घास घेतला.

आईने घास गिळला. तिची मान जरा ताठ झाली. तिने वर बघितलं. शैलानेही नेमका घास गिळला होता, आणि तीही वर बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदा दोघींची नजर एकमेकींना सरळ भिडली, आणि ती नजर मी अजून विसरलेलो नाही. आईच्या नजरेत लिहिलेलं होतं: मुद्दाम केलंस ना? शैलाच्या नजरेतही तेच लिहिलेलं होतं, फक्त अहो-जाहो करून.

बोलायचं मात्र कुणी नव्हतं. जी आधी खाकरेल ती हरली.

आईने दुसरा घास घेतला. शैलाने दुसरा घास घेतला, आईपेक्षा मोठा. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शैलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अण्णा तोंडात घास धरून बसले होते, गिळायचं धैर्य होत नव्हतं. माझ्या घशात कुणी कुंचा फिरवत होतं.

"अहो," आई खरखरीत आवाजात म्हणाली, "तिला म्हणावं, भाजी वाढ आणखी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आता गप्प राहिलो तर घर मोडतं, आणि बोललो तर आम्ही दोघं मोडतो. अण्णांनी तोंडातला घास मोठ्या कष्टाने गिळला, घसा साफ करायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "ऐकलंस का... ही भाजी..."

पुढे आवाजच निघेना.

शैला वाढायला उठली होती. तिने पळी आईच्या पानावर रिकामी केली, आणि भाजीतून कणसाचा एक तुकडा घरंगळत पानाच्या कडेला गेला. आईने तो उचलला. खाण्यासाठी उचलला होता, पण तोंडापाशी नेता नेता ती थांबली. तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. फिरवून त्याचा काप बघितला. बोटाने काप चाचपला. मग पानातला दुसरा तुकडा उचलून त्याच्या शेजारी धरला. दोन्ही अगदी सारखे. दोन्हींवर दात्यांच्या बारीक रेघोट्या.

तिने हळूच मान वळवून अण्णांकडे बघितलं.

अण्णांचे हात मांडीखाली होते, पण खांदे हलत होते. ते खाजवत होते. तिने माझ्याकडे बघितलं. मीही थांबलो.

तेवढ्यात पळी खाली पडली. शैलाने तोंडावर पदर दाबला होता आणि तिचं अंग गदगदत होतं. मला वाटलं, रडली. मग पदराआडून आवाज आला. ती हसत होती. ज्या हसण्यावरून हा महिना उजाडला होता, अगदी तेच हसणं, त्याच आईसमोर, आणि ट्रंक ओटीवर.

आईने दोन्ही तुकडे पानात ठेवले.

"शैला," ती म्हणाली.

नागपंचमीनंतर पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं होतं. मधे कुणी नव्हतं. शैलाचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"काय, आई?"

"हसतेस काय?"

आईचे ओठ मिटलेले होते, पण त्यांच्या एका कोपऱ्याचं काही खरं दिसत नव्हतं.

"करवतीने कापलंय गं कणीस यांनी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तो घशातल्या खाजेने फुटला की आणखी कशाने, हे मला कळायच्या आत तिचे खांदे हलायला लागले. आईला मी त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. ती आवाज न करता हसत होती, डोळे मिटून, आणि मांडीवर थापट्या मारत. शैला खालीच बसली, आईच्या पाटाजवळ.

"मला वाटलं तुम्ही केलीत," शैला म्हणाली.

"मला वाटलं तू. म्हटलं, मुद्दाम खाजवलीय. म्हटलं, खाऊन दाखवते हिला."

"मीही!"

"हात बघू," आई आमच्याकडे वळून म्हणाली.

आम्ही मांडीखालचे हात बाहेर काढले. चारही तांबडेलाल, कोपरापर्यंत सुजलेले.

"चिंच का नाही घातलीत?"

"बैल," मी म्हणालो. एवढंच म्हणता आलं. पुढचं अण्णांनी हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. गाडी, जू, शेपटी. त्या दोघींनी ते शेवटपर्यंत बघितलं, आणि मग आईने शैलाच्या खांद्याला धरलं, कारण तिला बसवेना.

वळणावर एसटीचा भोंगा वाजला.

हसणं थांबलं. सगळ्यांनी ओटीकडे बघितलं. भोंगा पुन्हा वाजला, जवळून, मग गाडी थांबल्याचा आवाज आला. आई उठली नाही. तिने खाली पडलेली पळी उचलून पातेल्यात ठेवली.

"गाडी आली," अण्णा कसेबसे म्हणाले.

"ऐकू आलं मला."

"मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी ही भाजी कोण करणार? तुम्ही?" आई म्हणाली. "हिला शिकवायला नको?"

गाडी सुटल्याचा आवाज आला आणि हळूहळू देवरुखच्या रस्त्याने कमी होत गेला. शैला मान खाली घालून बसली होती. अण्णांनी डोळे टिपले. मग त्यांच्यात एकदम काहीतरी संचारलं. ते पाटावरून उठले, मुकटा सावरला, एक तांबडा हात छातीवर ठेवला आणि दुसरा वर उचलला. घसा अजून खरखरत होता, पण कोर्टात तीस वर्षं कागद वाचून दाखवलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"आज या घराच्या इतिहासात," ते म्हणाले, "दोन स्त्रियांच्या मनाचा मोठेपणा, आणि दोन पुरुषांनी..."

"शैला," आई म्हणाली, "यांचं होईतो तू ती आपल्या परसातली आमसुलं जरा इकडे दे गं."